औषधाभोवतीचं वर्तुळ

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिने जंतू वाढवलेली प्लेट उजेडात धरली. वॉर्डात दाखल असलेल्या तिच्या आत्याच्या छातीतले जंतू परवापर्यंत औषधाच्या चकतीपासून लांब, वर्तुळ सोडून वाढत होते. आज ते थेट चकतीला भिडले होते. आता दुसरं औषध उरलं नव्हतं. तपासणीत त्यांच्यात औषध पचवायचं जनुक सापडलं; नेमकं तेच शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या जंतूंत आधीपासून होतं, म्हणजे ते आलं होतं तिथूनच.

ती तडक वॉर्डात गेली आणि तिने सिस्टरला धारेवर धरलं.

"हे जनुक वाऱ्यावर उडत येत नाही. एक जंतू दुसऱ्याला प्रथिनाच्या आकड्याने धरतो, अंगाला अंग लावतो, तेव्हा कुठे देतो. या दोघींचे जंतू एकत्र आणले कोणी?"

आत्याच खोकत उठून बसली.

"तिच्यावर कशाला ओरडतेस? या बाईंना चमचा धरवत नाही गं. मीच भरवत होते. एक घास त्यांना, एक मला."

"एकाच चमच्याने? आत्या, तुला कोणी सांगितलं होतं हे?"

"तूच की. पहिल्याच दिवशी म्हणालीस, त्यांचं कोणी नाही, जरा बघ त्यांच्याकडे."