दिलाशाचा पट्टा

"काही नाही, गॅसेस आहेत," सरकारी दवाखान्यातल्या डॉ. ठोंबरे रिपोर्ट पालथा ठेवत म्हणाल्या.

घोणेमास्तरांच्या मनगटावरच्या पट्ट्यात हिरवा दिवा लागला नाही. दिवा नाही म्हणजे पेशंटला दिलासा नाही, आणि दिलासा नाही तर डॉक्टरला पगार नाही.

मास्तरांनी पट्टा काढून टेबलावर ठेवला. "आता खरं सांगा."

"पट्ट्याशिवाय तपासणी धरत नाहीत हो, मास्तर."

"म्हणूनच काढला."

बाईंनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार तर दिवाळीपर्यंत. एसटीची वेळ कळावी तशी मास्तरांनी मान डोलावली आणि पट्टा पुन्हा बांधला.

"हां, आता म्हणा गॅसेस. तुमचा पगार कशाला बुडवायचा?"

"गॅसेस आहेत," बाई म्हणाल्या.

दिवा लगेच लागला.