लाल ठिपका

"थ्रॉटलच्या सेन्सरचा सिग्नल मधेच तुटतोय, म्हणून गाडी आचके देते," मिस्त्री म्हणाला.

परुळेकरांना संशय होताच. सर्व्हिसिंगनंतरच हे सुरू झालं होतं. आधीच्या गॅरेजवाल्याने चांगला पार्ट काढून भलताच बसवला असणार. अशांना पकडायलाच त्यांनी गाडी देण्याआधी बायकोच्या नेलपॉलिशने एकेका पार्टवर गुपचूप खूण केली होती.

"काढा सेन्सर बाहेर."

सेन्सर निघाला. लाल ठिपका जागच्या जागी होता. परुळेकर हिरमुसले.

मिस्त्रीने सेन्सरला वायर जोडायचा प्लग उजेडात धरला, आतल्या पिना टाचणीने खरवडल्या. "सेन्सर ठणठणीत आहे. हा लाल रंग फटीतून आत पिनांवर ओघळून वाळलाय. कुठल्या गाढवाने लावला?"

"त्या गॅरेजवाल्याने," परुळेकर म्हणाले.

शेजारी उभ्या बायकोने आपली लाल नखं हळूच पदराआड घेतली.