बाहीवरचा खडू

मोबाइलवर गाव वसवायच्या एका खेळात उदगीरचा जलील सरपंच म्हणून निवडून आला. उपसरपंच त्यानंच नेमायचा होता. इच्छुक चाळीस, सगळे टोपणनावांचे.

त्यानं सगळ्यांना एकच प्रश्न टाकला, "गुरुजी बाहेर गेलेत. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तुमच्याकडं हाय. अन् मॉनिटरच लई बोलायलाय. काय करताल?"

कुणी म्हणालं, गुरुजींना सांगू. कुणी म्हणालं, मॉनिटर बदलू. 'काळी माती' नावाच्या एकानं लिहिलं, "सगळ्यात वर त्याचंच नाव लिहीन. अन् गुरुजींच्या चपला वाजल्या की शर्टाच्या बाहीनं पुसून टाकीन."

जलील बघतच राहिला. सातवीत तो मॉनिटर होता आणि नावं सुगत लिहायचा. त्याच वर्षी सुगतच्या वडिलांची बदली झाली. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

त्यानं 'काळी माती'ला उपसरपंच केलं आणि लिहीत सुटला, "बाही अजून पांढरीच हाय का रे? कुठं हायस? लेकरं किती? आई बरी हाय ना?"

लगेच उत्तर आलं, "जल्या, गप बस. नाव लिहीन."