अंबाडे
लग्नाच्या सकाळी उमेळे गावातल्या घरी पार्लरवाल्या हिनाने कॅथरीनच्या चारही ब्राइड्समेड्सचे एकसारखे उंच अंबाडे बांधले. त्यांत कॅथरीनची धाकटी बहीण शर्लिनही होती. केस वर गेले आणि शर्लिनच्या कानामागचं ऐकण्याचं मशीन उघडं पडलं. "हिचे केस मोकळे सोड," मम्मी म्हणाली. "आज सगळं गाव येणार, उद्या हिच्यासाठीही स्थळ बघायचंय." "केस मशीनवर घासले की नुसती खरखर ऐकू येते," शर्लिन म्हणाली. कॅथरीनने मम्मीला परोपरीने विनवलं, पण मम्मी ऐकेना. शेवटी बहीण एकटी वेगळी दिसू नये म्हणून तिने सगळ्यांचेच अंबाडे सोडवले. तेवढंच तिच्या हातात होतं. चर्चमध्ये फादरांनी विचारल्यावर ती मुद्दाम मोठ्याने "होय" म्हणाली आणि तिने वळून पाहिलं. बाकीच्या तिघी हसत होत्या. शर्लिन त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. त्या हसताहेत हे पाहून तीही हसली.