सोवळ्यातली भाजी

मंगला गौरीच्या गल्लीत राहणाऱ्या विश्वेश्वरगुरुजींचा दोनच गोष्टींवर विश्वास होता, गंगेवर आणि बायकोच्या सोवळ्यावर. "आमच्या हिच्या भोपळ्याच्या भाजीची चव अख्ख्या काशीत मिळायची नाही," असं ते यात्रेकरूंना ऐकवत. दारासमोर कचोरी-भाजीचा ठेला म्हणजे त्यांना विटाळच. तक्रारींवर तक्रारी करून त्यांनी ठेला लावणाऱ्या रामनगरच्या फूलमतीला तिथून उठवलं, तेव्हाच दम घेतला.

दुसऱ्या दिवशी ताटात नुसता वरणभात आला.

"आज भोपळ्याची भाजी नाही केलीस?" गुरुजींनी विचारलं.

 

अन्नपूर्णाबाई तूप वाढता वाढता म्हणाल्या, "माझे गुडघे गेल्याला सहा वर्षं झाली, विळीवर बसून भोपळा चिरणं होत नाही. तेव्हापासून भाजी फूलमतीच्या ठेल्यावरूनच येत होती."