आठवी टाळी

शूटिंगला लागणारी कॉलेजची क्लॅपची पाटी मोडकी होती, म्हणून लंबू प्रत्येक शॉटआधी हातानेच टाळी वाजवायचा. नंतर चित्र आणि आवाज जुळवायला ती लागते. ‘टाळी झाली की कुणी हलायचं नाही,’ असा वर त्याचा दम.

प्रोजेक्टचे सात शॉट ठरले होते. चार झाले आणि लंबू तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेला. उरलेले तीन त्याच्या मैत्रिणीने एकटीने उरकले. टाळीसाठी तिचे हात काही उठले नाहीत.

आज भर दुपारी ती त्याच्याच खोलीत, त्याच्याच कॉम्प्युटरवर कॅमेऱ्यातले शॉट जोडत होती. शेजारी त्याची आई बसली होती. लेकाचं अर्धवट काम तिला पुरं झालेलं बघायचं होतं.

पाचवा शॉट लावला, तर आधी टाळी ऐकू आली. मैत्रिणीने तर ती वाजवलीच नव्हती. जुना आवाज चुकून चिकटला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण सहाव्यालाही टाळी होती, आणि सातव्याला तर अगदी कानाशी.

“तोच गं,” आई म्हणाली. “घाईत असला की अशीच पोकळ वाजवतो.”

मैत्रिणीने कॉम्प्युटर बंदच करून टाकला. यादीत आठवा शॉट नव्हता.

तेवढ्यात दोघींच्या पाठीमागे टाळी वाजली.

मैत्रीण जागच्या जागी थिजली. आईने मात्र डोळे पुसले, केस सारखे केले आणि ती ताठ बसली.

“कॅमेरा सुरू कर, पोरी,” ती ओठही फारसे न हलवता म्हणाली. “तो खोळंबलाय.”