आडवं आलेलं कुत्रं

डॉक्टरीणबाईंच्या समोर बसूनसुद्धा थोरला तोंड उघडं टाकून पेंगत होता. म्हातारीला पोटच्या पोराची किळस आली. सुजलेला चेहरा, हनुवटीवर लाळेचा ओघळ. आणि हा शाळेच्या पोरांची गाडी चालवतो. गेल्या आठवड्यात ती फुटपाथवर चढवून आला होता. कुत्रं आडवं आलं, म्हणाला. पोरांच्या आया दारात भांडायला आल्या, तेव्हा म्हातारीने त्यांना उभं-आडवं घेतलं होतं. मुका जीव वाचवला माझ्या लेकाने, वर तोंड करून काय बोलता?

आता शाळेने डॉक्टरचा दाखला मागितला होता. रक्ताचा रिपोर्ट समोर आला तसा थोरला जागा झाला. थायरॉइडची गोळी रोज घेतो म्हणाला. टी-फोर नॉर्मल आहे, म्हणून बोट ठेवून दाखवू लागला.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं बोट बाजूला सारलं. खालचा आकडा, टीएसएच, भलताच चढला होता. एक चांगला, एक वाईट, मग खरा कुठला, म्हातारीने विचारलं.

"दोन्ही खरे, आजी. टी-फोर म्हणजे थायरॉइडचा रस रक्तात आज किती आहे ते. तपासणीच्या तोंडावर भराभर गोळ्या घेतल्या तरी तो सुधारतो. टीएसएच म्हणजे मेंदूने थायरॉइडला मारलेल्या हाका. औषध बुडालं की हाका वाढतात, आणि थांबायला महिना-दीड महिना लागतो. तोवर माणूस बसल्या जागी झोपतो."

म्हातारी शाळेत फारशी गेली नव्हती, पण हे तिला लगेच उमगलं. पाहुणे दारात आले की ओटा पुसायचा आणि खरकटी भांडी खाटेखाली ढकलायची, त्यातलाच प्रकार.

काल मूठभर गिळल्यास ना, तिने विचारलं. थोरला चाचरला. गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते, मग चहासाठी ताटकळावं लागतं, म्हणून राहून जायची.

चहासाठी.

म्हातारीने त्याच्या शर्टाच्या खिशातून गाडीच्या चाव्या ओढून काढल्या आणि पदराला पुसल्या.

"कुत्रं आडवं आलंच नव्हतं," ती म्हणाली. "लोकांची पोरं मागे बसवून तू झोपला होतास. आणि मला त्यांच्या आयांवर भुंकायला लावलंस."